वेबसाइटवर येतंय कोण, जातंय कुठं? टॅग मॅनेजर आणि अ‍ॅनालिटिक्सवर वाचकांचे प्रश्न

वेबसाइटच्या मोजमापाबद्दल काय अडतंय ते कळवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं, आणि खरंच भरपूर प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, फक्त गाव आणि धंदा ठेवलाय.

प्रश्न : आमचं चपलांचं दुकान आहे, साइट वर्डप्रेसवर. साइट बनवणारा पोरगा म्हणतो अ‍ॅनालिटिक्स बसवलंय, आता टॅग मॅनेजर पण बसवू, त्याचे पैसे वेगळे. एक असताना दुसरं कशाला? (चप्पल लाईन, कोल्हापूर)

ताई, दोन्ही गुगलचीच, पण कामं वेगळी आहेत. अ‍ॅनालिटिक्समध्ये आकडे साठतात आणि तुम्ही ते बघता, म्हणजे किती जण आले, कुठनं आले, काय बघितलं. टॅग मॅनेजर स्वतः काहीच मोजत नाही, तो फक्त ठरवतो की कुठला कोड कधी चालवायचा. त्यात तीनच गोष्टी असतात : टॅग म्हणजे काय चालवायचं, ट्रिगर म्हणजे कधी चालवायचं, आणि व्हेरिएबल म्हणजे त्यासाठी लागणारी माहिती, जसं की कुठल्या लिंकवर बोट पडलं, कुठलं पान उघडं होतं. घरातल्या मेन स्विचच्या बोर्डासारखं समजा, वायरिंग एकदाच करायचं आणि नंतर पंखा लावा नाहीतर दिवा लावा, भिंत परत फोडायची गरज नाही. साइटमध्ये कोडचे दोन तुकडे एकदाच टाकायचे, एक पानाच्या कोडमधल्या हेड या भागात जमेल तेवढा वर आणि दुसरा बॉडी हा भाग सुरू झाल्या झाल्या, नंतर फेसबुकचा पिक्सेल म्हणजे त्यांचा मोजमापाचा कोड असो नाहीतर गुगल अ‍ॅड्सचं काही, सगळं टॅग मॅनेजरमधनं, त्या पोराला दरवेळी फोन करायला नको.

टॅग मॅनेजर २०१२ पासून आहे आणि फुकट आहे. पैसे मागतायत ते बसवायच्या कामाचे, त्यामुळं मागणं चूक नाही. पण माझं मत स्पष्ट सांगतो, तुम्ही जाहिराती करत नसाल, ऑर्डर दुकानात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच घेत असाल आणि तुम्हाला फक्त किती लोक येतात एवढंच बघायचं असेल तर आत्ता नुसतं अ‍ॅनालिटिक्स पुरे आहे. जाहिरात सुरू कराल त्या दिवशी टॅग मॅनेजर बसवा. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि सगळीकडं चर्चा झाली, तेव्हा साइटवर अचानक गर्दी झाली असं तुम्ही पुढं लिहिलंय. तशा गर्दीत नुसता येणाऱ्यांचा आकडा बघून काही कळत नाही, कारण त्यातले निम्मेअधिक बातमी वाचून डोकावणारे असू शकतात. आलेल्यांतनं किती जणांनी साईज चार्ट उघडला, किती जणांनी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबलं, हे कळलं तर गिऱ्हाईक किती आणि बघे किती ते समजतं. आणि ते समजायला मोजमाप गर्दीच्या आधी बसलेलं लागतं, मागच्या तारखेचं काही भरून मिळत नाही.

एक काळजी मात्र घ्या. वर्डप्रेसवर प्लगिनमधनं अ‍ॅनालिटिक्स बसलेलं असतं आणि मग टॅग मॅनेजरमधनंही तोच आयडी (साइटचा मोजमापाचा नंबर) बसवतात, मग प्रत्येक पान दोनदा मोजलं जातं. माणसं तेवढीच दिसतात पण पानांचा आकडा एकदम दुप्पट झाला की समजायचं हेच झालंय. दोन्हीपैकी एकच ठेवायचं.

प्रश्न : पन्हाळ्यावर आमचा होमस्टे आहे. बुकिंग सगळं फोनवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, साइटवर नाही. मग अ‍ॅनालिटिक्समध्ये आमच्या उपयोगाचं काय दिसणार? (पन्हाळा)

दादा, उपयोगाचं दिसतं, फक्त तुम्हाला ते सांगून ठेवावं लागतं. आपल्याकडं निम्म्या छोट्या धंद्यांचं असंच आहे, साइट ही पाटी आणि खरा सौदा फोनवर, त्यामुळं या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो.

अ‍ॅनालिटिक्सचं आत्ताचं व्हर्जन, जीए फोर, काही गोष्टी आपोआप टिपतं : पान ९० टक्के खाली सरकवलं, पीडीएफ डाउनलोड केली, दुसऱ्या साइटची लिंक दाबली. व्हॉट्सअ‍ॅपची लिंक दुसऱ्या डोमेनची असते म्हणून ती या बाहेरच्या लिंकांत मिसळून दिसते, गुगल मॅपच्या आणि इन्स्टाग्रामच्या लिंकसोबत. पण फोन नंबरवर दाबलेलं आपोआप टिपलं जात नाही. आणि तुमचा तर धंदाच त्याच्यावर.

तर टॅग मॅनेजर उघडा. पहिल्यांदा व्हेरिएबल्समध्ये जाऊन कॉन्फिगरमध्ये क्लिक यूआरएल, म्हणजे दाबलेल्या लिंकचा पत्ता, या नावापुढं टिक करा, हे विसरलं की पुढं काहीच सापडत नाही. मग नवीन ट्रिगर, प्रकार जस्ट लिंक्स. ऑल एलिमेंट्स घेऊ नका, कारण फोनच्या नंबराशेजारी जो छोटा फोनचा आयकॉन असतो त्याच्यावर बोट पडलं तर ऑल एलिमेंट्सला तो आयकॉन दिसतो, त्याच्यामागची लिंक दिसत नाही आणि यूआरएल रिकामी येते. जस्ट लिंक्स बरोबर वरची लिंक शोधून काढतो. त्यात सम लिंक क्लिक्स निवडायचं, अट लावायची : क्लिक यूआरएल, स्टार्ट्स विथ, आणि पुढं इंग्रजीत टेल आणि कोलन. मग नवीन टॅग, प्रकार जीए फोर इव्हेंट (इव्हेंट म्हणजे नोंदवायची एक कृती), मेजरमेंट आयडी टाका, जो इंग्रजी जी आणि आडव्या रेघेनं सुरू होतो, इव्हेंटला नाव द्या फोन क्लिक, इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि मधे जागा न सोडता अंडरस्कोअर टाकून. कॅपिटल आणि स्मॉल वेगळं धरतात, म्हणून नाव एकदा ठरवलं की तेच ठेवायचं. खाली तो ट्रिगर जोडायचा. व्हॉट्सअ‍ॅपसाठी ट्रिगर आणि टॅगची अशीच दुसरी जोडी करा, अट त्या लिंकची.

लगेच पब्लिश करू नका. वर प्रिव्ह्यू बटण आहे ते दाबा, तुमच्या साइटचा पत्ता टाका, साइट वेगळ्या टॅबमध्ये उघडेल आणि टॅग असिस्टंट शेजारी चालू राहील. नंबरवर दाबा. टॅग्ज फायर्डच्या यादीत तुमचा टॅग आला की जमलं, नॉट फायर्डमध्ये राहिला तर त्याच्यावर क्लिक करा, कुठली अट जुळली नाही तिथं लाल फुली दिसते. नीट चाललं की सबमिट आणि पब्लिश. बरेच जण प्रिव्ह्यूमध्ये चालतंय बघून तिथंच थांबतात, पब्लिश करायचं राहतं, आणि मग महिनाभर आकडा शून्य. व्हॉट्सअ‍ॅपचं तरंगणारं गोल बटण प्लगिनचं असेल तर ते कधी कधी लिंकच नसतं, तेव्हा मात्र ऑल एलिमेंट्स घेऊन क्लिक क्लासेसवर अट लावावी लागते.

एकदोन दिवसांनी अ‍ॅनालिटिक्सच्या अ‍ॅडमिनमध्ये हे दोन इव्हेंट "की इव्हेंट", म्हणजे धंद्याच्या दृष्टीनं महत्त्वाची कृती, म्हणून मार्क करा. २०२४ च्या मार्चपर्यंत यालाच तिथं कन्व्हर्जन म्हणायचे, म्हणून जुन्या व्हिडिओत वेगळं नाव दिसेल, घाबरू नका. आता तुम्हाला कळायला लागेल की पुण्यामुंबईहून आलेल्यांतनं किती जणांनी फोन दाबला, इन्स्टावरनं आलेले दाबतात का गुगलवरनं आलेले जास्त दाबतात. एवढं लक्षात ठेवा, बटण दाबलं म्हणजे बोलणं झालं असं नाही. त्यामुळं फोनवर बोलताना "आमच्याबद्दल कुठं बघितलंत" हे विचारायचं सोडू नका, वहीत लिहीत जा, आणि महिन्याला वही आणि स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून बघा.

प्रश्न : आम्ही सेंद्रिय गूळ आणि काकवी ऑनलाइन विकतो. पेमेंट गेटवेमध्ये ऑर्डर जास्त दिसतात, अ‍ॅनालिटिक्समध्ये कमी. खरं कुणाचं धरायचं? (शाहू मार्केट यार्ड परिसर)

पैशाचा हिशेब कायम गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचा, आणि बँकेचा धरायचा, अ‍ॅनालिटिक्सचा नाही. जीएसटी भरताना तर नाहीच नाही.

आता फरक का पडतो ते बघा. खरेदीची नोंद होते ती गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये, "ऑर्डर मिळाली, धन्यवाद" हे पान उघडतं त्या वेळी. आपल्याकडं बहुतेक लोक मोबाइलवरनं यूपीआय करतात. साइटवरनं ते यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जातात, पिन टाकतात, हिरवी टिक दिसते, आणि मोबाइल खिशात. परत तुमच्या साइटवर यायचं त्यांना काही कारणच नसतं. गेटवे तुमच्या सर्व्हरला मागच्या मागं कळवतो की पैसे आले, म्हणून ऑर्डर पडते, पण धन्यवादाचं पान उघडलंच नाही म्हणून अ‍ॅनालिटिक्सला पत्ता नाही. त्यात अ‍ॅड ब्लॉकर वापरणारे वेगळे. थोडा फरक राहणारच, तो शून्य करायच्या मागं लागू नका.

पण फरक किती आणि कुणाचा ते बघता येतं. अ‍ॅनालिटिक्सच्या एक्सप्लोरमध्ये फ्री फॉर्म घ्या, डायमेन्शनमध्ये ट्रान्झॅक्शन आयडी (ऑर्डरचा नंबर) टाका, एका आठवड्याची यादी काढा, आणि शेजारी साइटच्या ऑर्डरची यादी घेऊन जुळवा. जे नंबर गायब आहेत त्यांचं पेमेंट कशानं झालं ते बघा. सगळे यूपीआयचे निघाले तर वरचंच कारण. सगळ्या प्रकारचे निघाले तर टॅगमध्येच काहीतरी बिघडलंय. यादीत ट्रान्झॅक्शन आयडीच रिकामा असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, कारण कुणी धन्यवादाचं पान रिफ्रेश केलं तर तीच ऑर्डर परत मोजू नये याची काळजी त्या आयडीवरच घेतली जाते. रक्कम पाठवताना सोबत करन्सी आयएनआर जातेय ना तेही बघा, ती नसेल तर महसुलाचा आकडा नीट येत नाही.

अजून एक गोष्ट हमखास होते. जे गिऱ्हाईक पैसे भरून परत येतं ते गेटवेच्या डोमेनवरनं आलं असं धरलं जातं, मग रिपोर्टमध्ये असं दिसतं की तुमची सगळ्यात जास्त विक्री पेमेंट गेटवेनं करून दिली, आणि इन्स्टावरच्या ज्या रीलनं खरं गिऱ्हाईक आणलं तिचं नावच नाही. अ‍ॅडमिन, डेटा स्ट्रीम्स, तुमची स्ट्रीम, कॉन्फिगर टॅग सेटिंग्ज, शो ऑल, आणि लिस्ट अनवॉन्टेड रेफरल्स. तिथं गेटवेचं डोमेन टाका. पाच मिनिटांचं काम आहे आणि आजच करा असं मी म्हणीन.

धंदा वाढला आणि जाहिरातीवर बऱ्यापैकी पैसा जायला लागला की डेव्हलपरला सांगून खरेदीची नोंद सर्व्हरवरनं मेजरमेंट प्रोटोकॉल या गुगलच्या सोयीनं पाठवता येते. त्यासाठी गिऱ्हाइकाचा क्लायंट आयडी (त्याच्या ब्राउझरला दिलेला ओळख नंबर) ऑर्डरसोबत साठवावा लागतो, नाहीतर खरेदी दिसते पण ती कुठल्या भेटीतली ते जुळत नाही. तोपर्यंत आहे ते पुरे.

प्रश्न : आमची फौंड्री आहे. साइटचं काम एका एजन्सीकडं होतं, ते सोडलं. आता अ‍ॅनालिटिक्स आणि टॅग मॅनेजर दोन्ही त्यांच्याच जीमेलवर आहे, विचारलं तर उत्तर नाही. काय करावं? (शिरोली एमआयडीसी)

साहेब, तुमच्यासारखी सात-आठ पत्रं आलीत, आणि मला या सगळ्या प्रश्नांत हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शॉपचं लायसन्स दुसऱ्याच्या नावावर आपण कधी काढणार नाही, पण वेबसाइटचा सगळा डेटा दुसऱ्याच्या नावावर बिनधास्त ठेवतो.

आधी लेखी मागा, मेलवर, सभ्य भाषेत पण स्पष्ट : आमच्या या मेल आयडीला अ‍ॅनालिटिक्समध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि टॅग मॅनेजरमध्ये अ‍ॅडमिन करा. नुसतं व्ह्यूअर केलं तर काही उपयोग नाही, बघता येतं पण बदलता येत नाही. त्यांनी एका अकाउंटमध्ये दहा क्लायंट ठेवले असतील तर ते अख्खं अकाउंट देणार नाहीत, आणि ते बरोबरही आहे, पण अ‍ॅनालिटिक्सची प्रॉपर्टी, म्हणजे एका साइटच्या आकड्यांचा कप्पा, एका अकाउंटमधनं दुसऱ्यात आतल्या डेटासकट हलवता येते. टॅग मॅनेजरचा कंटेनरही, म्हणजे साइटच्या सगळ्या टॅग-ट्रिगरचा डबा, फाइल करून एक्स्पोर्ट करता येतो आणि तुमच्या नव्या कंटेनरमध्ये इम्पोर्ट होतो. त्यांच्यासाठी हे अर्ध्या तासाचं काम आहे.

नाहीच दिलं तर कंपनीच्या मेलवर नवीन अकाउंट काढा आणि सुरू करा. जुने आकडे येणार नाहीत, त्याचं वाईट वाटेल, पण दुसरा मार्ग नाही. मात्र एक गोष्ट अजिबात विसरू नका : जुन्या कंटेनरचा कोड साइटवरनं काढून टाका. ज्याच्याकडं त्या कंटेनरचे पब्लिशचे हक्क आहेत तो तुमच्या साइटच्या पासवर्डशिवाय तुमच्या साइटवर पाहिजे ती स्क्रिप्ट चालवू शकतो. एजन्सी चांगली असली तरी तिथनं सोडून गेलेल्या एखाद्याचा जीमेल हॅक झाला तर? तुमच्या चौकशीच्या फॉर्ममध्ये गिऱ्हाईक ड्रॉइंग अपलोड करतात असं लिहिलंय तुम्ही, तिथं तर हा धोका घ्यायलाच नको.

नवीन एजन्सी घेतली की अकाउंट तुमचं, त्यांना फक्त परवानगी. टॅग मॅनेजरमध्ये कंटेनरला रीड, एडिट, अप्रूव्ह, पब्लिश अशा पायऱ्या आहेत, काम सुटलं की त्यांचं नाव काढायचं. आणि कंपनीत दोन जण अ‍ॅडमिन ठेवा, एकच असला आणि तो नोकरी सोडून गेला की परत तेच.

प्रश्न : मी एका साडीच्या दुकानाचं डिजिटलचं काम बघते. मालक म्हणतात नवरात्रात गेल्या वर्षीपेक्षा किती फरक पडला ते दाखव. ग्राफ काढला पण काहीच जुळत नाही, रोजचे आकडेसुद्धा दुकानाच्या हिशेबाशी लागत नाहीत. (राजारामपुरी, कोल्हापूर)

दोन वेगळ्या भानगडी आहेत यात. रोजचे आकडे लागत नाहीत म्हणालीस तर आधी प्रॉपर्टीचा टाइम झोन बघ. प्रॉपर्टी काढताना तो बदलला नाही तर अमेरिकेचा पॅसिफिक टाइम राहतो, आणि तो आपल्या साडेबारा तास मागं असतो, त्यांच्या हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे नवरात्रात तुमचा अ‍ॅनालिटिक्समधला दिवस आपल्या दुपारी साडेबाराला उजाडतो. सकाळी अंबाबाईचं दर्शन करून लोक मोबाइलवर साड्या बघतात ते आदल्या तारखेत जातं आणि संध्याकाळचं आजच्या तारखेत. भारताचा टाइम झोन आणि रुपया दोन्ही लाव, पण बदल पुढच्या डेटाला लागतो, मागचं तसंच राहतं.

दुसरं तिथीचं. अ‍ॅनालिटिक्समध्ये तुलना करताना गेल्या वर्षीचा हाच कालावधी असं निवडलंस की ते इंग्रजी तारखा घेतं. २०२४ ला घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती, २०२५ ला २२ सप्टेंबरला, आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळं ११ ऑक्टोबरला. तारखेनं तुलना केली तर एका बाजूला सण आणि दुसऱ्या बाजूला पितृपक्ष नाहीतर नुसतेच मधले दिवस येतात, मग ग्राफ जुळणार कसा? कस्टम निवडून घटस्थापना ते दसरा हे दिवस दोन्ही वर्षांचे हातानं टाक. साडीला तर आधीचे पंधरा दिवस महत्त्वाचे, ललितापंचमीला नेसायची साडी कुणी त्याच दिवशी घेत नाही, तेव्हा तेही दोन्हीकडनं धर.

आणि डेटा रिटेन्शन आत्ताच बघ. एक्सप्लोरमधल्या खोलातल्या रिपोर्टचा डेटा सुरुवातीला दोनच महिने ठेवायचं सेटिंग असतं, ते १४ महिने कर. एका नवरात्रापासनं पुढचं नवरात्र अधिक महिना धरून तेरा महिन्यांवर जातं, म्हणजे १४ महिन्यांत ते बसतं पण जेमतेम, दसरा झाला की दिवाळीच्या गडबडीत न ठेवता तुलना लगेच काढून शीटमध्ये ठेव. नेहमीच्या साध्या रिपोर्टला ही मर्यादा नाही.

दुकानातलीच माणसं दिवसभर साइट उघडतात तेही वगळता येतं, ब्रॉडबँडचा आयपी (इंटरनेट जोडणीचा नंबर) इंटर्नल ट्रॅफिक म्हणून टाकायचा. मोबाइल डेटाचा आयपी बदलत राहतो, तिथं याचा उपयोग नाही. फिल्टर आधी टेस्टिंगमध्येच ठेव, खात्री झाल्यावर अ‍ॅक्टिव्ह कर, कारण गाळलेला डेटा परत मिळत नाही.

प्रश्न : चांदीचे दागिने बनवतो, थोडा माल युरोपात जातो. हे सगळं मोजणं कायद्यात बसतं का? (हुपरी)

बसतं, पण नीट केलं तर. नाव, फोन नंबर, मेल आयडी हे अ‍ॅनालिटिक्समध्ये पाठवायला गुगलचीच मनाई आहे, आणि आपल्याकडं २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे. लोक मुद्दाम पाठवत नाहीत, चुकून जातं : फॉर्म भरल्यावर पुढच्या पानाच्या पत्त्यात नंबर चिकटून येतो आणि अ‍ॅनालिटिक्स अख्खा पत्ता उचलतं. एकदा स्वतः फॉर्म भरा आणि वरच्या पट्टीत काय दिसतंय ते बघा. युरोपातल्या लोकांसाठी आधी संमती विचारणारी पट्टी लागते, आणि मार्च २०२४ पासून जाहिरातीच्या सोयी वापरायच्या तर ती संमती गुगलला त्यांच्या कन्सेंट मोड या सोयीमधनं कळवावी लागते. टॅग मॅनेजरमध्ये त्यासाठी कन्सेंट इनिशियलायझेशन नावाचा ट्रिगर आहे, तो बाकी सगळ्यांच्या आधी चालतो. पट्टी नुसती दाखवायची आणि टॅग मात्र आधीच चालू, असं करू नका. समोरच्या माणसानं नाही म्हटलं तर नाही.

प्रश्न : बॉक्सवर क्यूआर छापतोय, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला पण लिंक टाकतो. कशानं लोक येतात ते वेगळं कळेल का? (लक्ष्मीपुरी, कोल्हापूर)

कळेल, यूटीएम, म्हणजे लिंकला जोडायच्या ओळखीच्या खुणा, लावा. व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलेले बहुतेक जण, ते लावलं नाही तर, डायरेक्टमध्येच म्हणजे कुठनं आले ते न कळलेल्यांतच मोजले जातात. लिंकच्या शेवटी सोर्स, मीडियम आणि कॅम्पेन ही तीन नावं जोडायची, बॉक्ससाठी वेगळी, स्टेटससाठी वेगळी, सगळी छोट्या इंग्रजी अक्षरांत. साइटच्या आतल्या लिंकांना मात्र यूटीएम लावू नका, खरा सोर्स पुसला जातो. क्यूआरमध्ये तुमचाच पूर्ण पत्ता असू द्या. फुकटच्या क्यूआर साइट मधे स्वतःची लिंक घालतात आणि ती उद्या बंद पडली तर छापलेले बॉक्स वाया. छापायला द्यायच्या आधी, ज्यानं तुमची साइट कधी उघडली नाही अशा कुणाच्या तरी मोबाइलवरनं प्रूफवरचा क्यूआर स्कॅन करा आणि अ‍ॅनालिटिक्सच्या रिअलटाइममध्ये तुम्ही दिलेलं सोर्सचं नाव येतंय का बघा. आलं की प्रेसला हो म्हणा.